सरांनी न घेतलेली परीक्षा

कुणाचा सत्कार असला की मी मागच्या रांगेत बसते आणि शाल अंगावर पडायची वेळ आली की पाण्याचं निमित्त करून बाहेर येते. नांदेडात आता सत्काराशिवाय दिवस उगवत नाही. माणूस निवृत्त झाला, शाल. निवडून आला, शाल. पोराचा मेडिकलला नंबर लागला, बापाला शाल. मला गर्दीचा त्रास होतो अशी लोकांची समजूत आहे आणि मी ती मोडत नाही. त्रास गर्दीचा नाही. मला शाल आणि श्रीफळ या दोन वस्तूंचा राग आहे, आणि तो राग मी लातूरहून आणलेला आहे.

किल्लारीच्या भूकंपानंतरचा दुसरा उन्हाळा होता. नांदेडला नुकतंच विद्यापीठ झालं होतं आणि तिथल्या एका सरांच्या ओळखीनं जर्मनीची एक विद्यार्थिनी काही महिने मराठी शिकायला आमच्या घरी राहायला आली होती. पुणं सोडून नांदेडला कशाला, असं जो तो तिला विचारायचा. "पुण्याला समदे जातात," एवढंच तिचं उत्तर. आम्ही तिला पाहुणी म्हणायचो. तिचं निम्मं मराठी आमच्या स्वयंपाकघरात आणि निम्मं शेजारच्या मुसलमान खालांच्या ओट्यावर तयार झालेलं. "हाव," "मी जेवून राहिले," "लई तिखट हाय," असं ती इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायची की तिला मराठी शिकवणारे सर कपाळाला हात लावत.

तिचं गाव म्हणे विद्यापीठाचं गाव. खाली नदी, वर किल्ला, आणि कित्येक शतकांपासून गल्लोगल्ली नुसते विद्यार्थी. त्या गावाचं नाव आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. ते इतिहासाचे मास्तर. शाळेत पुस्तकी बोलायचे आणि घराचा उंबरा ओलांडला की गावचं. पाहुणीचं कौतुक ऐकून ऐकून एका संध्याकाळी ते म्हणाले, "तसलं गाव आमच्याकडंबी हाय. लातूर. एक दिवस जाऊन येऊ."

पाहुणी खूश झाली. मला वाटलं, आण्णांना इतिहासाची हुक्की आली असेल. आण्णांच्या मनात काय चाललंय हे मला तेव्हा कळायला हवं होतं, कारण ते लगेच म्हणाले, "धाकटीला बी घेऊ संगं."

धाकटी म्हणजे माझी चुलतबहीण. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या पलीकडं. भूकंपाच्या पहाटे काकू गेली. काका आणि धाकटी वाचले, कारण ते दोघं अंगणात झोपले होते. त्यानंतर धाकटीला आम्ही नांदेडला आणलं आणि काका गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. त्या शेडमध्ये मी अनेकदा गेले आहे. बादलीवर एका संस्थेचं नाव रंगवलेलं, पातेल्यावर दुसरीचं, घोंगडीवर तिसरीचं. शेडच्या दारावर तर देणाऱ्याची पाटीच ठोकलेली. वस्तू देताना प्रत्येकानं फोटो काढले. काका हात जोडून उभे राहायचे, फोटोवाला म्हणेल तिकडं बघायचे. त्यांच्या लग्नातसुद्धा एवढे फोटो निघाले नव्हते. देणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांनी दिलं म्हणून काका जगले. पण माणसाला पातेलं देताना त्याचं तोंड कॅमेऱ्याकडं कशाला फिरवायचं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

काका स्वतः काही बोलायचे नाहीत. धाकटीला मात्र त्यांनी एकदा माझ्यासमोर सांगितलं होतं, "बाई, ह्या घरात कुणाचं नाव न्हाई अशी एक वस्तू उरली न्हाई. तुझं शिक्षण तेवढं मागून आणू नकोस. परीक्षा दे, मार्कात बसलीस तर बस. न्हाई बसलीस तर न्हाई."

धाकटीनं ते मनावर घेतलं. तिला लातूरच्या एका क्लासला जायचं होतं. त्या काळात सगळा मराठवाडा त्या वाटेनं चालला होता. उमरी, हदगाव, अर्धापूर, जिथून म्हणून मुलं निघत ती लातूरला जाऊन खोली शोधत. तिला त्यात आणखी एक ओढ होती. लातूर आमच्या गावापासून जवळ. तिथं राहिली तर काकांच्या हातचा डबा रोज सकाळच्या एसटीनं येणार होता. काकू गेल्यावर काका भाकरी थापायला शिकले होते. पण दहावीचं वर्ष तंबूतल्या शाळेतून नांदेडच्या शाळेत असं फाटून गेलं, आणि तिचे मार्क त्या क्लासच्या कट-ऑफच्या जरासे खाली राहिले. आण्णा एकदा जाऊन आले होते. शिपायानं त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. धाकटीचं एकच म्हणणं, "माझी परीक्षा घ्या म्हणावं. कसलीबी घ्या. बसले न्हाई तर परत येते."

तर असे आम्ही चौघं पहाटेच्या एसटीत बसलो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर. धाकटी खिडकीशी बसून ओठ न हलवता सूत्रं घोकत होती. आण्णांनी पाहुणीला लोह्यापासून इतिहास सांगायला सुरुवात केली. राष्ट्रकूट राजे स्वतःला लत्तलूरचे अधिपती म्हणवत, लत्तलूर म्हणजेच आपलं लातूर, वगैरे. पाहुणीनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग तवा तिथं विद्यापीठ होतं?"

"न्हाई."

"आता हाय?"

"आता नांदेडला हाय."

"मंग पोरं लातूरला कामून जातात?"

आण्णांनी धपाट्यांचा डबा उघडला.

अहमदपूरला गाडी थांबली. दोघी मुली चहा प्यायला उतरल्या तेव्हा आण्णांनी मला हळूच सांगितलं, "हिला बघितल्यावर शिपाई आडवणार न्हाई. गोरा माणूस म्हटलं की दारं आपसूक उघडतात."

सहलीच्या नावाखाली हे त्या पोरीला वशिला म्हणून घेऊन चालले होते! लोक आमदाराची चिठ्ठी नेतात, आमच्या वडलांनी जर्मनीची विद्यार्थिनी नेली. मी म्हटलं, "आण्णा, तिला सांगितलंय का हे?" ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात? तिला गाव बघायचंय, आपल्याला दार उघडून पाहिजे." पुढं लातूर येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मास्तर लोकांना अबोल्याची सवय असते.

लातूरच्या स्टँडवर पाहुणी जी थांबली ती हलेना. खेड्यापाड्यांतून आलेल्या गाड्यांमधून डबे उतरत होते. पितळी, स्टीलचे, कापडात बांधलेले, झाकणावर रंगानं आडनाव आणि गाव लिहिलेलं. मुलं सायकलींवरून येऊन आपापला डबा ओळखून उचलत होती. कुणी पहारा करत नव्हतं, कुणी दुसऱ्याचा उचलत नव्हतं. "आमच्या गावात अशी आई न्हाई जी रोज गाडीत जेवण टाकते," पाहुणी म्हणाली. धाकटी तिकडं बघत होती, आणि ती काय बघते आहे हे मला कळत होतं.

मग आण्णांनी गंजगोलाई दाखवली. मधोमध देवीचं देऊळ, चहूबाजूंनी येऊन मिळणारे रस्ते. पाहुणीनं विचारलं की जुनी विद्या कुठल्या रस्त्यावर आहे. तिला दिसत होत्या त्या फक्त क्लासच्या पाट्या. विजेच्या खांबावर पाटी, झाडावर पाटी, देवळाच्या भिंतीला टेकून पाटी, आणि प्रत्येक पाटीवर मागच्या वर्षीच्या हुशार मुलांचे चेहरे. "हे समदे प्रोफेसर हायत?" तिनं विचारलं. "न्हाई, गिऱ्हाईकं हायत," मी म्हटलं. आण्णांनी माझ्याकडं डोळे वटारले.

क्लासच्या फाटकात आण्णांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. ज्या शिपायानं त्यांना हाकललं होतं तो पाहुणीला बघून उठून उभा राहिला आणि आत पळाला. क्लासचे सर स्वतः बाहेर आले. पांढरा सफारी, बोटात अंगठ्या, आवाजात सतत माइक असल्यासारखा जोर. त्यांनी पाहुणीशी इंग्रजी सुरू केलं. पाहुणी म्हणाली, "मला मराठी समजून राहिली, सर." सर दचकले, पण इंग्रजी काही सोडलं नाही.

ऑफिसात त्यांच्या खुर्चीमागं एक कपाट होतं. त्यात वह्या-पुस्तकं असतील असं मला वाटलं. त्यांनी ते उघडलं तर आत शालींचा गठ्ठा आणि खालच्या फळीवर नारळ. कोण कधी येईल सांगता येत नाही, म्हणून तयारी. शिपायाला फोटोवाल्याकडं पिटाळलं गेलं आणि सगळी बॅच हॉलमध्ये गोळा करायचं फर्मान सुटलं. चालू तास बंद! ज्या तासासाठी मुलं गाव सोडून आली होती, ज्यासाठी बापांनी बैलं विकली होती, तो तास बंद, कारण परदेशी पाहुणी आली आहे आणि तिला शाल घालायची आहे.

तेवढ्यात आण्णांनी संधी साधली. "सर, ही माझी पुतणी. मार्क जरा कमी पडले. तिची एक परीक्षा घेतली तर..."

"गुरुजी, कट-ऑफ म्हणजे कट-ऑफ," सर मराठीवर आले. "गाव कुठलं?"

आण्णांनी गाव सांगितलं. सरांचा चेहरा बदलला.

"म्हणजे भूकंपग्रस्त? घरात कुणी गेलं?"

"हिची आई."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!" सर खुर्चीतून उठलेच. "दिला प्रवेश. फीसुद्धा नको. क्लासनं दत्तक घेतली असं समजा."

धाकटी पुढं झाली. "सर, मला परीक्षा द्यायचीय."

"परीक्षा कशाला बेटा? निसर्गानं घेतली तेवढी बास झाली की."

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढं स्टेजवर त्यांनी ते माइकवरून पुन्हा म्हटलं. काकूच्या मरणाला हा माणूस परीक्षा म्हणत होता, आणि हॉलभर टाळ्या पडत होत्या. मी पहिल्या रांगेत बसले होते. एवढा संताप मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या संतापाचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं.

पाहुणीला शाल घातली, नारळ दिला. मग सरांनी धाकटीला स्टेजवर बोलावलं. "त्या रात्री काय काय झालं ते सगळ्यांना सांग," म्हणाले, आणि तिच्या हातात माइक दिला.

धाकटी म्हणाली, "मला प्रवेशाची परीक्षा द्यायचीय. मी तयारी करून आलेय."

सरांनी माइक काढून घेतला. "बघा! याला म्हणतात जिद्द! आणि तुम्ही? पंख्याखाली बसून झोपता!" पुन्हा टाळ्या.

धाकटी थरथरत होती. रागानं, हे मला दिसत होतं. पाहुणीला वाटलं, पोर घाबरली. तिनं आपल्या खांद्यावरची शाल काढली, धाकटीच्या अंगावर पांघरली आणि तिला जवळ घेतलं. तिच्या मनात माया सोडून काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण सरांना नेमकं तेच हवं होतं आणि त्यांना स्वतःला ते सुचलं नव्हतं. "मॅडम, वन्स मोअर!" फोटोवाला ओरडला. "शाल परत काढा, परत घाला, आणि इकडं बघा!" गोंधळलेल्या पाहुणीनं शाल परत काढली आणि परत घातली.

बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "मी चुकले?" मी म्हटलं, "हाव." ती रस्त्यातच रडायला लागली, आणि मला तिचाही राग आला. आता हिची समजूत कोण काढणार? धाकटीनंच काढली. "जाऊ दे. तुला काय माहीत?" म्हणाली. मग पाहुणीनं डोळे पुसत सांगितलं की तिच्या गावातही विद्यापीठाचं दार जुनं आणि जड आहे, पण आत जायच्या आधी परीक्षा तरी द्यावी लागते. आण्णा खाली मान घालून पुढं चालत राहिले. दार आपसूक उघडलं होतं, त्यांच्या म्हणण्याप्रमाणं.

स्टँडवर काका आले होते. आण्णांनी आधीच धाडलेला निरोप मिळाल्यावर गावाहून मुद्दाम आलेले, धुतलेलं धोतर, हातात कापडात बांधलेला डबा. प्रवेश झाला तर लेकीनं आजच डबा खावा म्हणून. आम्हाला बघून ते लगबगीनं पुढं आले आणि एवढंच म्हणाले, "घेतली का परीक्षा?"

आण्णांनी तोंड उघडलं. त्याआधी धाकटी बोलली.

"घेतली, बाबा. बसले मी."

काकांनी आमच्याकडं पाहिलं. पाहुणीनं धाकटीकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं आणि तिच्या त्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "हाव. लई अवघड होती."

काका हसले. भूकंपानंतर मी त्यांना हसताना प्रथमच पाहत होते. आम्ही सगळ्यांनी स्टँडच्या बाकावर बसून त्यांच्या हातच्या जाड भाकरी खाल्ल्या.

पुढची दोन वर्षं त्या क्लासच्या पत्रकावर, पाटीवर आणि दिनदर्शिकेवर तोच फोटो होता: गोरी मुलगी, शाल, आणि मान ताठ ठेवून उभी असलेली धाकटी. खाली लिहिलेलं, 'भूकंपग्रस्तांचा आधार.' वर्गात तिला भूकंपवाली म्हणत. नवी बॅच आली की सर तिला उभं करून दाखवत. ती मला म्हणायची, "ताई, मी बाकावर बसलेली कुणाला दिसतच न्हाई, नुसती उभी असलेली दिसते." डबा मात्र रोज यायचा. काकांना वाचता येत नव्हतं. एक पत्रक त्यांनी शेडच्या पत्र्याला आतून चिकटवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की परीक्षेत वर आली म्हणून लेकीला शाल मिळाली. वस्तीत वाचता येणारे होते. पण काकांना कुणी खरं सांगितलं नाही.

बारावीचा निकाल लागला. धाकटी त्या क्लासच्या पहिल्या काही मुलांत आली. गुणवंतांचा सत्कार ठरला आणि पालकांना बोलावणं आलं. पाहुणी केव्हाच परत गेली होती. आण्णा, मी आणि काका गेलो. तोच हॉल, स्टेजच्या मागं कापडावर तोच फोटो, आता भिंतीएवढा. काका त्याच्याकडं बघत बसले होते आणि शेजारच्याला कोपरानं खुणावून सांगत होते, "माझी लेक."

धाकटीचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली. सरांनी माइक हातात घेतला.

"ही मुलगी माझ्याकडं आली तेव्हा हिचे मार्क कमी होते. नियमाप्रमाणं मी हिला घ्यायला नको होतं. पण मी कट-ऑफ बघितला नाही, परीक्षा घेतली नाही. मी माणुसकी बघितली! ढिगाऱ्यातून उचलून हिला इथं आणलं!"

टाळ्या पडल्या. काकांनीही दोन्ही हात टाळीसाठी उचलले होते. ते तसेच राहिले. माझ्याकडं वळून ते हळू आवाजात म्हणाले, "न्हाई घेतली व्हय गं परीक्षा?"

मी नकारार्थी मान हलवली.

स्टेजवर धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं होतं. सर शाल उलगडून पुढं आले तशी ती एक पाऊल मागं सरकली. माइक जवळच होता, त्यामुळं ती जे बोलली ते सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, माझी प्रवेशाची परीक्षा राहिलीय. आता घ्या. मग शाल घाला."

सर मोठ्यानं हसले. "अगं, आता कशाला? आता तर बोर्डानंच घेतली की!" सगळा हॉल हसला. मुलं हसली, त्यांचे आईबाप हसले, फोटोवालासुद्धा हसला. सरांनी हसत हसत शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला कॅमेऱ्याकडं वळवलं.

तेव्हा माझ्या शेजारी काका उठून उभे राहिले. ज्या माणसानं बादलीपासून पत्र्यापर्यंत सगळं हात जोडून घेतलं होतं, फोटोवाला म्हणेल तिकडं पाहिलं होतं, त्याचे हात आता खाली होते. काका भरसभेत बोलल्याचं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"घ्या की, सर," ते म्हणाले. "आमाला काय बी घाई न्हाई. आमी थांबतो."

हसणं थांबलं. सरांनी इकडंतिकडं पाहिलं, घसा साफ केला आणि पुढच्या मुलाचं नाव पुकारलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो आजोबा, बसा खाली, दिसत नाही." धाकटी स्टेजवरून उतरून आमच्यापर्यंत आली तरी काका उभेच होते.